गोजराची पट्ट्यापट्ट्यांची गोधडी

सरका रे जरा. पाय आत घ्या. दिन्या, डोकं तिकडं नाही, इकडं. उशी कुठं आहे ते आधी बघ. अगदी त्या राजासारखाच आहेस. कुठल्या म्हणजे? तेच तर सांगतेय.

राजा होता एक, आणि तो हरवलेला होता. रानात नाही, बरं का, आपल्याच राजवाड्यात. नाव काय होतं बाई त्याचं... असू दे, आठवलं की सांगेन. तर या राजाला दिशाच कळायच्या नाहीत. आंघोळीला निघाला की घोड्यांच्या पागेत जाऊन उभा. दरबारात निघाला की स्वयंपाकघरात. आचारी बिचारा लाटणं खाली ठेवून मुजरा करायचा आणि राजा विचारायचा, "आज दरबारात एवढा धूर का झालाय?" बरं, झोपेत तरी एका जागी राहावं की नाही? तेही नाही. रात्री डोकं उशीवर असायचं आणि सकाळी पाय उशीवर.

मग एक दिवस राजाला वाटलं, आपल्याला सरळ रेघ दाखवणारं काहीतरी हवं. रेघ जाईल तिकडं आपण जाऊ. मग त्यानं सगळीकडं पट्टे काढायला लावले. भिंतींवर उभे पट्टे. जमिनीवर आडवे पट्टे. छताला तिरपे. पडद्यांना पट्टे, अंगरख्याला पट्टे, पागोट्याला पट्टे. आणि झालं काय? होता तो गोंधळ दुप्पट झाला. एकदा राजा पट्ट्यांचा अंगरखा घालून पट्ट्यांच्या पडद्यापुढं उभा राहिला, तर दुपारपर्यंत तो कुणाला सापडेचना. प्रधान समोरून तीनदा गेला. शेवटी राजाला शिंक आली म्हणून कळलं.

हसा, हसा. पण रोज हरवणाऱ्याला फार एकटं वाटतं हो. राजा प्रधानाला म्हणाला, "दिवसाचं जाऊ द्या. निदान झोप तरी मला सरळ लागू दे. पट्ट्यांची गोधडी शिवून घ्या माझ्यासाठी."

मग कापड शोधायला माणसं गेली. तीन डोंगरांपलीकडं एक म्हातारी कोष्टीण होती, मागावर कापड विणायची. तिचं कापड साधं नव्हतं. त्यात एक लाल पट्टा, मग निळा, मग पिवळा. पुन्हा लाल, निळा, पिवळा. ही म्हातारी कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन स्वतः चालत आली, आणि राजाकडं न जाता थेट गेली गोजराकडं.

गोजरा कोण? अगं सुमे, सांगते ना. गोधडी शिवावी तर गोजरानं, असं सगळा गाव म्हणायचा. नदीकडच्या शेवटच्या घरात ती राहायची. ती आणि तिची सहा वर्षांची लेक बकुळी. दोघीच. नवरा? नवरा नाही या गोष्टीत. उगीच मधेमधे विचारू नका, मग कुठवर आले होते ते विसरते मी.

हं, म्हातारी. म्हातारीनं गठ्ठा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "गोजरा, नीट ऐक. लाल पट्टा जातो. पिवळा पट्टा परत आणतो. निळा झोपवतो. कापडाचं डोकं कुठलं आणि पाय कुठले ते मी खूण करून दिलंय. तुकडा कापलास तर कापलास, पण फिरवून लावू नकोस. लालाला लाल भिडला पाहिजे, पिवळ्याला पिवळा."

"न्हाई फिरवत," गोजरा म्हणाली. तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना असतात बोलायच्या सवयी. तुमच्या या आजीला आहे तशीच.

मग गोजरा कामाला लागली. आधी जुनी लुगडी, जुनी धोतरं एकावर एक अंथरली. ते गोधडीचं पोट. त्यावर पट्ट्यांचे तुकडे जोडले, लालाला लाल, पिवळ्याला पिवळा. आणि मग टाके घालायला बसली. कडेपासून सुरुवात करायची, गोधडीच्या चारी बाजूंनी फिरायचं, आणि फिरत फिरत आत यायचं. असं गोल गोल, मध्यापर्यंत. टाका कसा, तर तांदळाच्या दाण्याएवढा. ना लहान, ना मोठा. आणि अगदी मधोमध वीतभर जागा उघडी ठेवायची. तिथून गोधडीला भाकरीचा घास भरवायचा, गूळ लावून. मगच ती जागा शिवायची. का म्हणजे? उपाशी गोधडी ऊब कुठून देणार?

सगळं ठीक चाललं होतं, बरं का. शेवटचा एकच तुकडा लावायचा राहिला, कोपऱ्यातला. आणि बघते तर काय, त्या तुकड्याचं एक टोक उंदरानं कुरतडलेलं! आता तुम्ही म्हणाल, टाकून द्यायचा. अरे, गोधडी शिवणाऱ्या बाईला चिंधी टाकून दे म्हणणं म्हणजे तुम्हाला लाडू टाकून द्या म्हणण्यासारखं आहे. तिचा हातच होईना. कुरतडलेलं टोक बाहेरच्या बाजूला येत होतं, उघडं दिसलं असतं. तुकडा फिरवून लावला असता, तर ते टोक आतल्या शिवणीत दडलं असतं. कुणाला दिसलंही नसतं.

गोजरानं तुकडा हातात घेतला. म्हातारीचं बोलणं तिला आठवलं. पण ती स्वतःशीच म्हणाली, "एवढुसा तुकडा. त्यानं काय व्हतंय?"

आणि तिनं तो फिरवून लावला. मग त्याच्यावरून सगळे टाके घातले, गोल गोल, मध्यापर्यंत.

आता फिरवला म्हणजे काय झालं, ते बघा. लाल होता या हाताला, तो गेला त्या हाताला. पिवळा आला इकडं. हा माझा डावा... थांबा, बांगडीचा हात तो... दोन्ही हातांत बांगड्या आहेत मेल्या. असू दे. मुद्दा काय, की जाणारी वाट येणाऱ्या वाटेला जाऊन भिडली. लाल पट्टा नीट चालत यायचा आणि शिवणीपाशी एकदम पिवळा व्हायचा. पिवळा यायचा, तो लाल व्हायचा. दिसायला एवढंच. कुणी म्हणालं असतं, छान दिसतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडी अंगणात अंथरली. त्यांच्याकडं एक रीत होती. नवी गोधडी कुणाला द्यायच्या आधी घरातलं लेकरू तिच्यावर लोळवायचं. लेकरू हसलं की गोधडी चांगली. मग घास भरवायचा, मग मधली जागा शिवायची, मग द्यायची. तर गोजरा बकुळीला म्हणाली, "लोळ गं बाई एकदा."

बकुळीला काय, तेच पाहिजे होतं. लोळली इकडं, लोळली तिकडं, हसली खदाखदा. आणि लोळता लोळता आली लाल पट्ट्यावर.

आणि गडप.

नाही, घाबरू नको सुमे. जवळ ये. मी आहे ना.

बकुळी दिसेना. गोजरा म्हणाली, "बकुळे?" आणि मग तिला दिसलं. गोधडीच्या कापडाखाली एक उंचवटा होता. लिंबाएवढा. आणि तो लाल पट्ट्यावरून तुरुतुरु चालला होता! चालत चालत शिवणीपाशी आला, तिथं पट्टा पिवळा झाला, आणि उंचवटा गर्रकन फिरला. आला तसा परत निघाला. पुन्हा फिरला. आणि आतून बारीक आवाज आला, "आये! मी घरला निघाले की वाट मला उलटी नेती गं! हितं समदं उलटंपालटं झालंय!"

गोजरानं त्या शिवणीवर बोट ठेवलं. तिला सगळं कळलं. त्या एका तुकड्यासाठी, त्या एका चिंधीसाठी! तिनं आपल्या कपाळावर हात मारून घेतला. पण रडत बसायची ती बाई नव्हती.

मग तिनं पहिला उपाय केला. तिला वाटलं, तुकडा उलटा आहे ना, मग अख्खी गोधडीच फिरवू. म्हणून तिनं गोधडीचं डोकं पायाकडं केलं आणि पाय डोक्याकडं. आतून आवाज आला, "आये, आता आभाळ खाली आलं! मला गरगरतंय!" गोजरानं घाईघाईनं गोधडी होती तशी केली. मग होती तशी म्हणजे कशी, तेच तिला आठवेना. माझंही होतं असं कधीकधी.

मग तिनं दुसरा उपाय केला. कात्री आणली. कडेची शिवण उसवू, वाट मोकळी करू. तिनं एकच टाका कापला. एकच. तर आतून केवढी किंकाळी! "आये, नगं! पायाखालचं खचतंय!" गोजराच्या हातातली कात्री गळून पडली. तिनं तो टाका लगेच पुन्हा घातला.

मग तिसरा उपाय. तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारल्या. सगळा गाव अंगणात गोळा झाला. गोधडीच्या चारी बाजूंना माणसं बसली आणि लागली ओरडायला. इकडचे म्हणाले, "बकुळे, डावीकडं ये!" समोरचे म्हणाले, "डावीकडं कसली? उजवीकडं ये!" कारण समोरच्यांचं डावं ते इकडच्यांचं उजवं. एकजण म्हणाला, "उभी ये." दुसरा म्हणाला, "पट्टे आडवे आहेत, उभी कशी येईल?" तिसरा म्हणाला, "आडवे नाहीत, तू आडवा बसलायस." आणि मग त्यांचीच भांडणं जुंपली. लिंबाएवढा उंचवटा मात्र गोधडीभर धावत सुटला होता. इकडून तिकडं, तिकडून इकडं. आणि मग तो थांबला. निळ्या पट्ट्यावर थांबला.

निळा काय करतो? आठवतंय ना? झोपवतो. आतून आवाज आला, अगदी बारीक, "आये, मला झोप आली."

तुम्हाला झोप आली तर चांगलंच आहे. पण बकुळीला तिथं झोप लागली असती, तर ती कायमची गोधडीतच राहिली असती. गोजरा गुडघ्यावर बसली आणि ओरडली, "बकुळे, झोपू नगंस! माझ्या सोन्या, झोपू नगंस!" तिला दुसरं काही सुचेचना.

आणि बरोब्बर त्या वेळी अंगणात कोण आलं? राजा! तो गोधडी बघायला आला नव्हता, बरं का. तो निघाला होता आपल्या बागेतल्या झोपाळ्यावर बसायला. चुकत चुकत इथं पोचला. अंगरखा पट्ट्यांचा, पागोटं पट्ट्यांचं, आणि तोंडी नेहमीचा प्रश्न, "मी कुठं आलोय?"

पण ते अंगण, ती माणसं, तो उंचवटा बघून राजा थबकला. त्यानं विचारलं, "कोण हरवलंय?"

"माझी लेक, महाराज," गोजरा म्हणाली. "माझ्याच चुकीनं. म्हातारीनं सांगितलं व्हतं, मी ऐकलं न्हाई."

"आणि ही सगळी माणसं काय करतायत?"

"वाट सांगत्यात तिला."

राजानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि गोजराशेजारी मातीत बसला. म्हणाला, "बाई, मला रोज शंभर माणसं वाट सांगतात. डावीकडं या महाराज, उजवीकडं या महाराज. काही उपयोग होत नाही. हरवलेल्या माणसाला वाट सांगायची नसते. त्याला विचारायचं असतं, की तू उभा आहेस तिथं काय आहे. मला हे आजवर कुणी विचारलं नाही. तू विचार तिला."

गोजरा गोधडीला तोंड लावून म्हणाली, "बकुळे, तुझ्या पायाखाली काय हाय गं?"

उंचवटा जरासा हलला. "निळं निळं हाय. मऊ."

"आणि?"

"आणि... बारीक दाणे हायत. एकामागं एक. तांदळासारखे."

गोजरा ताडकन उठली आणि पुन्हा बसली. तिचे टाके! पट्टे होते म्हातारीचे. पण टाके तिचे स्वतःचे होते, कडेपासून मध्यापर्यंत, गोल गोल. ते लालाला विचारत नव्हते, पिवळ्याला विचारत नव्हते. उलट्या तुकड्यावरूनसुद्धा ते तसेच पुढं गेले होते.

"बकुळे," ती म्हणाली, "रंगांकडं बघूच नगंस. डोळे मीट. त्या दाण्यांवर पाय ठेव आणि दाण्यादाण्यानं चालत ये. ते माझे टाके हायत. ते तुला माझ्याकडंच आणत्यात."

मग उंचवटा निघाला. तुरुतुरु नाही, हळूहळू. निळ्यावरून लालावर, लालावरून पिवळ्यावर. पट्टे जात होते एकीकडं आणि बकुळी चालली होती भलतीकडं. गावकऱ्यांना काही कळेना. एकजण म्हणाला, "अरे, ही तर लांब चालली!" राजा म्हणाला, "गप्प बसा हो." उलटा तुकडा आला. सगळ्यांनी श्वास रोखले. उंचवटा तिथं थांबला, अडखळला, आणि दाण्यादाण्यानं पलीकडं गेला.

मग आतून आवाज आला, "आये! दाणे संपले!"

"गाठ लागली का पायाला?"

"व्हय, गाठ हाय."

"घाबरू नगंस. तिथं माझा दोरा सरला व्हता. दूध उतू गेलं म्हणून मी उठले व्हते. गाठीच्या शेजारी चाचप, दुसरी गाठ असंल. तिथनं पुढं हो."

होती. बकुळी पुढं निघाली. फेरा लहान झाला. मग पुन्हा गाठ. "ही गं कशाची, आये?"

"तू पायरीवरनं पडलीस, तवा उठले व्हते."

आणि तिसऱ्या गाठीपाशी बकुळीनं विचारायच्या आधीच गोजरा म्हणाली, "आणि तिथं कशाला न्हाई उठले. तू झोपली व्हतीस, आन् मी तुझ्याकडं बघत बसले व्हते."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. ती धावत आत गेली आणि भाकरीचा तुकडा आणला, भरपूर गूळ लावून. गोधडीच्या मधोमध वीतभर जागा उघडी होती ना? तिथं तिनं घास धरला, आणि घासामागं आपला हात कोपरापर्यंत आत घातला.

उंचवटा फिरत आला. फेरा परातीएवढा झाला, मग ताटाएवढा, मग वाटीएवढा. आणि आधी काय झालं, सांगा बघू? हात नाही धरला कारटीनं. आधी घास गेला! मग इवल्याशा बोटांनी आईचं मनगट पकडलं. गोजरानं ओढलं, आणि बकुळी बाहेर! केस विस्कटलेले, तोंडाला गूळ, आणि एका गालावर लालभडक पट्टा. तो पट्टा तीन दिवस जाईना. बाकी पोरगी ठणठणीत होती.

गोजरानं तिला असं काही छातीशी धरलं, की बकुळी म्हणाली, "आये, हितंबी श्वास कोंडतोय." आणि राजा? राजा मातीत बसून रडत होता. कुणीतरी हरवलेलं सापडलं, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मग गोजरानं दाभण आणलं, उलटा तुकडा हलक्या हातानं उसवला, आणि सरळ लावला. लालाला लाल, पिवळ्याला पिवळा. उंदरानं कुरतडलेलं टोक आलं बाहेर, सगळ्यांना दिसेल असं. तिथं तिनं आपल्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं. मग नवा घास भरवला, कारण पहिला गेला होता बकुळीच्या पोटात. आणि मधली जागा शिवली.

राजा ती गोधडी घेऊन गेला. गेला म्हणजे, बकुळी त्याला पोचवायला गेली, नाहीतर कुठं गेला असता कोण जाणे. रात्री तो निजला. निळ्यानं झोपवलं, लालानं कुठंकुठं फिरवून आणलं, पिवळ्यानं परत घरी सोडलं. सकाळी बघतो तर डोकं उशीवर!

पण दिवसाचं काय? दिवसा तो हरवणारच की. मग राजानं गोजराला बोलावलं. भिंतींवरचे पट्टे चुन्यानं पुसून टाकले. आणि गोजरानं राजवाड्यातल्या जाजमांवर जाड दोऱ्यानं टाके घातले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत. तिथून दरबारापर्यंत. तिथून स्वयंपाकघरापर्यंत, कारण तिथंही जावं लागतंच. राजानं जोडे काढून ठेवले आणि अनवाणी चालायला लागला. पायाखाली तांदळाएवढे दाणे लागायचे आणि तो बरोबर पोचायचा. दाणे संपले की ओरडायचा, "गोजराबाई, गाठ आली!" आणि जवळपास असेल तो म्हणायचा, "शेजारी चाचपा, महाराज."

म्हातारी कोष्टीण पुन्हा एकदा आली होती. तिनं हिरवं ठिगळ बघितलं, बकुळीचा गाल बघितला, आणि गोजराला म्हणाली, "सांगितलं होतं की नाही?" म्हाताऱ्यांना हे म्हणायला फार आवडतं. मग जेवून गेली. राजा सुखी, गोजरा सुखी, बकुळी तर काय सुखीच.

राजाचं नाव? आठवलं होतं मघाशी, पुन्हा गेलं.

नाही रे दिन्या, आपली गोधडी ती नव्हे. हिला पट्टे आहेत, पण ते नुसते पट्टे आहेत. मीच शिवलीय. बोट फिरवून बघ. लागतायत का दाणे? आता डोळे मिटा. रंगांकडं बघायचं नाही. दाण्यादाण्यानं चला, गोल, आणखी आत. मधे गाठी लागतील. एक तू जन्मलास तेव्हाची आहे, एक सुमीला ताप आला होता तेव्हाची. शेजारी चाचपायचं आणि पुढं जायचं. मधोमध पोचलात की मी तिथं आहेच.

सुमे... दिन्या... झोपली वाटतं. बरं झालं. झोपा.